पाच की तेरा? वेट्रीमारन यांच्या पुरस्कारांची यादी वाचताना

९ सप्टेंबर २०११ रोजी नवी दिल्लीत ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा वितरण समारंभ झाला आणि त्यात तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते तमिळ चित्रपटसृष्टीतील दोन दिग्दर्शकांचा सन्मान करण्यात आला. त्यांपैकी एक होते के. बालचंदर. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले, १९६५ पासून चित्रपट दिग्दर्शित करणारे आणि शिवाजीराव गायकवाड या मराठी घरातील बस कंडक्टरला १९७५ मध्ये रजनीकांत म्हणून पडद्यावर आणणारे. दुसरे होते वेट्रीमारन. त्यांनी नुकतीच छत्तिशी गाठली होती आणि त्यांच्या नावावर तोवर अवघे दोन चित्रपट होते. बालचंदर यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तर वेट्रीमारन यांना 'आडुकळम' या दुसऱ्याच चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार. दोघांनाही सुवर्णकमळ देण्यात आले आणि दोन्ही बातम्यांत 'राष्ट्रीय पुरस्कार' हाच शब्दप्रयोग झाला. प्रत्यक्षात मात्र या दोन सन्मानांमध्ये फार मोठे अंतर आहे.

एखाद्या दिग्दर्शकाला 'इतके पुरस्कार मिळाले' असे आपण वाचतो, तेव्हा तो आकडा नेमका कशाचा असतो, हे समजून घेण्यासाठी वेट्रीमारन यांचे उदाहरण फार उपयोगी पडते. त्यांच्याबद्दलच्या लेखनात 'पाच राष्ट्रीय पुरस्कार' असा उल्लेख येतो. पण त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आडुकळम', 'विसारणै' आणि 'असुरन' या तीन चित्रपटांना मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार मोजले, तर ती संख्या अकरा भरते आणि त्यांनी निर्मिती केलेला 'काक्का मुट्टै' त्यात मिळवला, तर तेरा होते. पाच, अकरा आणि तेरा हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. फरक आहे तो कोणाच्या खात्यावर काय मांडायचे याचा.

आधी 'आडुकळम' घेऊ. (या नावातला 'ळ' तमिळमध्येही 'ळ'च आहे, हिंदी वर्तमानपत्रांत त्याचा 'ल' होतो, ती वेळ मराठीवर येत नाही. 'कळम' म्हणजे मैदान किंवा खळे, त्यामुळे 'आडुकळम' म्हणजे खेळाचे मैदान.) मदुराईतील कोंबड्यांच्या झुंजी आणि त्या लावणारी माणसे, त्यांच्यातील गुरू-शिष्याचे नाते आणि त्या नात्यात शिरलेला मत्सर हा या चित्रपटाचा विषय. त्याला एकूण सहा राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: दिग्दर्शन आणि पटकथा वेट्रीमारन यांना, अभिनय धनुष यांना, संकलन किशोर यांना, नृत्यदिग्दर्शन दिनेश कुमार यांना, आणि परीक्षकांचा विशेष उल्लेख व्ही. आय. एस. जयपालन या श्रीलंकन तमिळ कवीला, ज्यांनी चित्रपटात झुंजींच्या वस्तादाची भूमिका केली होती. म्हणजे चित्रपटाचे सहा, पण दिग्दर्शकाचे त्यातले दोनच. धनुष यांचा पुरस्कारही एकट्याचा नव्हता. त्या वर्षी तो मल्याळम अभिनेते सलीम कुमार यांच्यासह विभागून देण्यात आला होता.

आता या यादीतील एक गोष्ट वाचकाला खटकायला हवी. सहा पुरस्कार मिळवणारा आणि देशातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन ज्यात आहे असे मानला गेलेला हा तमिळ चित्रपट त्या वर्षीचा 'सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट' ठरला नाही. तो मान 'तेन्मेर्कु परुवक्काट्रु' या चित्रपटाला मिळाला. त्यातील शरण्या पोन्वण्णन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो त्यांनी 'बाबू बँड बाजा' या मराठी चित्रपटातील मिताली जगताप-वराडकर यांच्याबरोबर विभागून घेतला, ही आपल्यासाठी आठवणीत ठेवण्यासारखी नोंद. प्रश्न असा की असे होऊ कसे शकते?

उत्तर पुरस्कारांच्या रचनेत आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत काही विभाग अखिल भारतीय असतात. दिग्दर्शन, अभिनय, पटकथा, संकलन यांसाठी आसामीपासून मल्याळमपर्यंत सर्व भाषांतील प्रवेशिका एकमेकींसमोर उभ्या राहतात. दुसरीकडे भाषावार पुरस्कार असतात, त्यांत तमिळ चित्रपटाची स्पर्धा तमिळ चित्रपटाशीच आणि मराठीची मराठीशीच असते. पहिल्या प्रकारात एका व्यक्तीच्या एका कामाचा विचार होतो, दुसऱ्यात संपूर्ण चित्रपटाचा. एखाद्या चित्रपटाचे दिग्दर्शन असामान्य वाटावे आणि तरीही एकूण कृती म्हणून परीक्षकांना दुसरा चित्रपट सरस वाटावा, यात तर्काची चूक नाही. शिवाय परीक्षक मंडळाला मान्यता वाटून देण्याचा मोह नेहमीच असतो, असे माझे मत आहे. तो मोह वाईटच असतो असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यामुळेच कधीकधी लहान चित्रपटांकडे लोकांचे लक्ष जाते.

परीक्षणाची पद्धत थोडक्यात अशी. चित्रपटाच्या बाजूने रीतसर प्रवेशिका यावी लागते. ती आली नाही, तर चित्रपट कितीही चांगला असला तरी त्याचा विचारच होत नाही. २००९ सालच्या चित्रपटांपासून हे परीक्षण दोन पायऱ्यांवर होऊ लागले. आधी पाच विभागीय मंडळे आपापल्या भागातील चित्रपट पाहून शिफारस करतात आणि मग केंद्रीय मंडळ अंतिम निर्णय घेते. दक्षिणेत चित्रपटांची संख्याच इतकी मोठी की तिच्यासाठी एक नव्हे, दोन मंडळे करावी लागली. विभागीय पायरी येण्यापूर्वी दिल्लीत बसलेल्या मोजक्या परीक्षकांना सगळा देश थोड्या दिवसांत पाहावा लागत असे, हे लक्षात घेतले तर या बदलाचे महत्त्व कळते.

पदकांचेही दोन प्रकार आहेत. सुवर्णकमळ सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पदार्पणातील दिग्दर्शकाचा चित्रपट, लोकप्रिय चित्रपट, बालचित्रपट अशा थोड्या विभागांना मिळते, उरलेल्यांना रजतकमळ. म्हणून 'आडुकळम'च्या वेळी वेट्रीमारन यांना दिग्दर्शनासाठी सुवर्णकमळ आणि अडीच लाख रुपये मिळाले, तर पटकथेसाठी रजतकमळ आणि पन्नास हजार. भाषावार सर्वोत्कृष्ट चित्रपटालाही रजतकमळच असते. ७०व्या पुरस्कारांपासून, म्हणजे २०२४ पासून, रकमा सरसकट करण्यात आल्या असून सुवर्णकमळासोबत तीन लाख आणि रजतकमळासोबत दोन लाख रुपये दिले जातात. एक चित्रपट करण्यासाठी लागणाऱ्या खर्चापुढे या रकमा किरकोळ आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी चित्रपट करत नाही, हे वेगळे सांगायला नको. या पुरस्कारांचा इतिहास मराठी वाचकाला घरचाच आहे: १९५४ मध्ये ते पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने मिळवले होते.

सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा विभाग त्यानंतर बराच उशिरा, १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. तमिळ चित्रपटासाठी हा पुरस्कार वेट्रीमारन यांच्या आधी 'कादल कोट्टै'साठी अगत्तियन यांना (१९९६) आणि 'नान कडवुळ'साठी बाला यांना (२००८) मिळाला होता. तमिळ चित्रपटसृष्टी देशातील सर्वांत मोठ्या चित्रपटसृष्टींपैकी एक असूनही ही यादी एवढी आखूड आहे, यावरून त्या पहिल्या सुवर्णकमळाचे वजन लक्षात येईल.

आता वर्षांचा घोळ. 'आडुकळम' चित्रपटगृहांत आला तो १४ जानेवारी २०११ रोजी, पोंगलच्या मुहूर्तावर. तरीही राष्ट्रीय पुरस्कारांत तो २०१० सालचा चित्रपट आहे, कारण तिथे वर्ष ठरते ते सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून, प्रदर्शनाच्या नव्हे. फिल्मफेअर दक्षिण पुरस्कारांत मात्र प्रदर्शनाचे वर्ष धरले जाते, म्हणून तिथे हाच चित्रपट २०११ चा ठरला आणि वेट्रीमारन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा फिल्मफेअर २०१२ मध्ये मिळाला. परिणामी एकाच चित्रपटापुढे एका यादीत २०१०, दुसरीत २०११ आणि वितरणाची तारीख लिहिणाऱ्या तिसरीत २०१२ असे वर्ष दिसते, आणि घाईने वाचणाऱ्याला वाटते की तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या चित्रपटांना पुरस्कार मिळाले. राज्य पुरस्कारांची वेळ तर याहून बेभरवशाची. तमिळनाडू सरकारने २००९ ते २०१४ या सहा वर्षांचे चित्रपट पुरस्कार जुलै २०१७ मध्ये एकदम जाहीर केले होते. तेव्हा पुरस्काराशेजारचे वर्ष हे चित्रपटाचे आहे, घोषणेचे आहे की समारंभाचे, हे पाहिल्याशिवाय यादी वाचण्यात अर्थ नाही.

हाच गुंता 'विसारणै'च्या बाबतीत आणखी वाढतो. 'विसारणै' म्हणजे चौकशी. कोइम्बतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांना तरुणपणी आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे पोलिसांनी पकडून कोठडीत डांबले होते. त्या मारहाणीचा आणि अपमानाचा अनुभव त्यांनी पुढे कादंबरीच्या रूपात लिहिला, आणि त्या कादंबरीवर वेट्रीमारन यांनी हा चित्रपट बेतला. कामासाठी परराज्यात गेलेली, तिथली भाषा न येणारी, बागेत झोपणारी काही तमिळ मुले एका चोरीच्या संशयावरून उचलली जातात आणि न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यावी म्हणून त्यांना बडवले जाते. चित्रपटाच्या पहिल्या भागात पोलीस तेलुगू बोलतात आणि मार खाणाऱ्यांना शब्द कळत नाहीत, फक्त काठी कळते. ही परिस्थिती ज्यांनी कामासाठी गाव सोडले त्यांना कुठल्याही राज्यात ओळखीची वाटेल.

हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो सप्टेंबर २०१५ मध्ये ७२व्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात, 'ओरिझोंती' या स्पर्धा विभागात. तिथे त्याला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या इटली शाखेचा मानवाधिकारविषयक पुरस्कार मिळाला. इथे थोडे थांबावे लागेल, कारण 'व्हेनिसमध्ये पुरस्कार' एवढ्या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. मोठ्या महोत्सवात महोत्सवाचे स्वतःचे परीक्षक मंडळ असते आणि त्याचे अधिकृत पुरस्कार असतात. त्याच वेळी बाहेरच्या संस्था, म्हणजे समीक्षकांच्या संघटना, मानवाधिकार संस्था किंवा चर्चशी संबंधित मंडळे, महोत्सवातील चित्रपट पाहून आपापले पुरस्कार जाहीर करतात. त्यांना समांतर पुरस्कार म्हणता येईल. 'विसारणै'चा पुरस्कार हा या दुसऱ्या प्रकारचा. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, याच 'ओरिझोंती' विभागात चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाने विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अधिकृत पुरस्कार मिळवला आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचाही. कोणता मोठा हे ठरवण्याची इथे गरज नाही. पोलीस कोठडीतील छळावरच्या चित्रपटाची दखल ॲम्नेस्टीने घ्यावी याला स्वतःचे असे महत्त्व आहे, कारण तिथे चित्रपटाच्या कारागिरीबरोबर त्याच्या विषयालाही दाद मिळालेली असते. पण दोन्ही एकाच ओळीत 'व्हेनिस विजेता' म्हणून छापणे बरोबर नाही.

व्हेनिसनंतर 'विसारणै' ५ फेब्रुवारी २०१६ रोजी भारतात प्रदर्शित झाला. सेन्सॉर प्रमाणपत्र २०१५ मधले असल्यामुळे त्याच वर्षीच्या, म्हणजे ६३व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विचार झाला आणि २८ मार्च २०१६ रोजी त्याला तीन पुरस्कार जाहीर झाले: सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट, समुद्रकनी यांना सहायक अभिनेत्याचा आणि किशोर यांना संकलनाचा. मग सप्टेंबर २०१६ मध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने तो ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला. ऑस्करचा नियम तिसराच: त्या वर्षीच्या परभाषिक चित्रपटाच्या विभागासाठी चित्रपट आपल्या देशात १ ऑक्टोबर २०१५ ते ३० सप्टेंबर २०१६ या काळात प्रदर्शित झालेला असणे आवश्यक होते. फेब्रुवारीतील प्रदर्शन त्यात बसले. ज्या सोहळ्यासाठी ही निवड होती, तो झाला २०१७ मध्ये.

'ऑस्करला गेला' हा आपल्याकडचा लाडका शब्दप्रयोग, आणि त्याइतका दिशाभूल करणारा दुसरा नसेल. प्रत्येक देश एक चित्रपट पाठवतो. २०१६ मध्ये अशा ८५ चित्रपटांचा विचार झाला. त्यांतून नऊ चित्रपटांची लघुयादी निघाली, तिच्यातून पाच नामांकने आणि मग एक विजेता. 'विसारणै' लघुयादीत पोहोचला नाही. आदल्या वर्षी भारताने पाठवलेला 'कोर्ट'ही पोहोचला नव्हता, आणि त्याआधी 'श्वास' (२००४) व 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) यांनाही नामांकन मिळाले नव्हते. या विभागात भारताला आजवर नामांकने मिळाली ती तीनच चित्रपटांना: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. निवड झाली की लॉस एंजेलिसमध्ये मतदारांसाठी खेळ लावणे, प्रसिद्धी करणे हा सगळा खर्च निर्मात्याच्या अंगावर पडतो. 'श्वास'च्या वेळी त्यासाठी महाराष्ट्रात निधी गोळा करावा लागला होता, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून देशाची प्रवेशिका होणे हा देशातल्या एका समितीने दिलेला मान आहे, अमेरिकेतील अकादमीने दिलेला नाही. वेट्रीमारन यांच्या यादीत तो जरूर असावा, पण 'ऑस्कर' या शब्दाखाली नव्हे.

'काक्का मुट्टै' म्हणजे कावळ्याचे अंडे. चेन्नईच्या झोपडपट्टीतील दोन भावांना पिझ्झा खायचा आहे, एवढ्यावर उभा असलेला हा चित्रपट एम. मणिकंदन यांनी दिग्दर्शित केला. वेट्रीमारन आणि धनुष त्याचे निर्माते. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातील दोन मुलांना बालकलाकाराचा पुरस्कार विभागून मिळाला. बालचित्रपटाचे सुवर्णकमळ दिग्दर्शकाला आणि निर्मात्यालाही मिळते, म्हणून ते वेट्रीमारन यांच्याही खात्यावर येते. हा चित्रपट त्यांच्या दिग्दर्शनाची पावती नाही, दुसऱ्याच्या चित्रपटावर पैसा आणि विश्वास लावण्याची आहे. माझ्या मते ही नोंद त्यांच्या यादीतील सर्वांत दुर्लक्षित आणि तरीही फार बोलकी आहे.

उरला 'असुरन' (२०१९). पूमणी यांच्या 'वेक्कै' या कादंबरीवर आधारलेला, जमीन आणि जात यांच्या वैरात सापडलेल्या बाप-लेकाचा हा चित्रपट ६७व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला आणि धनुष यांना दुसऱ्यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. या वेळी मनोज बाजपेयी यांच्याबरोबर विभागून. करोनामुळे या पुरस्कारांची घोषणा मार्च २०२१ पर्यंत आणि वितरण २५ ऑक्टोबर २०२१ पर्यंत लांबले. योगायोग असा की त्याच समारंभात रजनीकांत यांना फाळके पुरस्कार देण्यात आला. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या गुरूंना, बालचंदर यांना, वेट्रीमारन यांच्या पहिल्या सुवर्णकमळाच्या दिवशीच तो मिळाला होता.

फाळके पुरस्कार यादीत वेगळा का मोजायचा, हे यावरून स्पष्ट व्हावे. १९६९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार, ज्याचा पहिला मान देविकाराणी यांना मिळाला, कोणत्याही एका चित्रपटासाठी नसतो आणि त्यासाठी प्रवेशिका पाठवता येत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाच्या नावाचा हा सन्मान संपूर्ण कारकिर्दीचा असतो. पद्म पुरस्कारांचेही तसेच. एका चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार आणि आयुष्यभराच्या कामाचा सन्मान यांची बेरीज करणे म्हणजे मॅट्रिकचे गुण आणि निवृत्तिवेतन एकत्र मिळवण्यासारखे आहे.

आता सुरुवातीचा हिशोब पुरा करता येईल. वेट्रीमारन यांचे पाच म्हणजे 'आडुकळम'चे दिग्दर्शन व पटकथा, 'काक्का मुट्टै'चे निर्माता म्हणून सुवर्णकमळ, आणि 'विसारणै' व 'असुरन' यांचे सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचे पुरस्कार, जे दिग्दर्शकालाही दिले जातात. तेरातून हे पाच वजा केले की आठ उरतात, आणि ते अभिनेत्यांचे, बालकलाकारांचे, नृत्यदिग्दर्शकाचे आणि संकलकाचे आहेत. त्या आठांपैकी दोन एकाच माणसाचे, किशोर यांचे. 'विसारणै'च्या संकलनाचे काम चालू असतानाच ते कोसळले आणि मार्च २०१५ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. व्हेनिसचा खेळ त्यानंतर सहा महिन्यांनी झाला आणि दुसरे रजतकमळ वर्षभराने जाहीर झाले. ६३व्या पुरस्कारांच्या यादीत सर्वोत्कृष्ट संकलनापुढे त्यांच्या नावाशेजारी 'मरणोत्तर' असे लिहिले आहे.